कावड, पाठपिशवी आणि किनारा

मराठी प्रवासवर्णनात आईवडील बहुधा दोनच ठिकाणी भेटतात. पहिल्या पानावर ते निरोप द्यायला उंबऱ्यात उभे असतात आणि शेवटच्या पानावर परतलेल्या लेकराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असतात. मधल्या दोनअडीचशे पानांत त्यांचा पत्ता नसतो. लेखक पॅरिसला जातो, टोकियोला जातो, नर्मदेच्या काठाने चालतो. सोबतीला कधी बायको असते, कधी मित्र असतात, कधी कुणीच नसते. आई किंवा वडील पाठीवर पिशवी अडकवून त्याच्या बरोबरीने चालत आहेत असे चित्र आपल्या वाङ्मयात शोधूनच काढावे लागते.

अलीकडे हे चित्र दिसू लागले आहे. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत "आईबरोबर गोकर्ण", "बाबांसोबत कोकण किनारा" अशा धर्तीचे लेख गेल्या काही वर्षांत नियमाने येतात. सॅक पाठीला लावून, मिळेल त्या एस.टी.ने, मिळेल त्या होडीने, समुद्राच्या कडेकडेने जायचे आणि बरोबर साठी-सत्तरी ओलांडलेली आई किंवा बाप. मी असे लेख आवडीने वाचतो. पण वाचून झाल्यावर मन भरत नाही. का भरत नाही, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आईवडील आणि प्रवास यांची सांगड घालणाऱ्या दोन कथा आपल्या मनात लहानपणापासून रुजलेल्या आहेत. एक श्रावणबाळाची, दुसरी पुंडलिकाची. श्रावण आईबापांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेतो. पुंडलिक त्यांचे पाय चेपत घरीच राहतो आणि दारात आलेल्या देवाला विटेवर उभे करतो. एकाने आईबापांना उचलले, दुसऱ्याने त्यांच्यासाठी जाणेच सोडले. दोघेही थोर. पण दोन्ही कथांत आईबाप चालत नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. श्रावणाचे आईबाप तर आंधळेच आहेत. त्यांनी वाटेत काय पाहिले हा प्रश्न त्या कथेत उद्भवतच नाही. आईबाप म्हणजे वाहून नेण्याचे ओझे, ते कितीही पवित्र असले तरी ओझेच, ही कल्पना तिथून आपल्या लेखनात उतरली असावी असे मला वाटते.

विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' या परंपरेतलाच आहे. १८५७ साली वरसईचा हा तरुण भिक्षुक घरचे कर्ज फेडायला चार पैसे मिळवावेत म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. हे पुस्तक चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये आपल्या संस्कारांसह छापले आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये वाचकांपुढे ठेवला. आपण ते झाशीसाठी वाचतो, राणी लक्ष्मीबाईंसाठी वाचतो. पण त्या प्रवासाच्या शेवटी गोडसे काय घेऊन येतात? मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले आहे, आणि खांद्यावर गंगेची कावड आहे. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. श्रावणाने आईबापांना तीर्थाकडे नेले, गोडशांनी तीर्थ आईबापांकडे आणले. कावड तीच, फक्त तिची दिशा फिरली. जग पाहिले ते मुलाने. आईबापांच्या वाट्याला त्या जगातले तांब्याभर पाणी आले. मला हा प्रसंग अतिशय हृद्य वाटतो, आणि तरीही मराठी प्रवासवर्णनाची मर्यादा तिथेच आखली गेली असेही वाटते.

पुढच्या काळात कावड गेली आणि सुटकेस आली. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त (१९६०) आणि 'पूर्वरंग'मध्ये (१९६३) सोबत सुनीताबाई आहेत, त्यामुळे त्या प्रवासाला संसाराची खुसखुशीत चव आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'तला परिक्रमावासी घरदार मागे टाकूनच निघालेला आहे. धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन' (१९२४) वाचा. गोव्यातल्या साखवाळीहून निघालेला हा माणूस ज्ञानाच्या ओढीने काठमांडू, सिलोन, ब्रह्मदेशापर्यंत गेला, आणि घर सुटण्याची कळ त्या पुस्तकभर जाणवत राहते. थोडक्यात, मोठा प्रवास घर सोडल्यावाचून होत नाही, असा आपल्या वाङ्मयाचा अलिखित नियम राहिला.

पाठपिशवीवाल्या भटक्यांची जी नवी तऱ्हा साठीच्या दशकापासून गोव्याच्या आणि नंतर गोकर्णाच्या पुळणींवर दिसू लागली, तिचाही नियम हाच. गरजेपुरते पाठीवर घ्यायचे, बाकी सारे मागे टाकायचे. आई किंवा बाप म्हणजे तर चालतेबोलते घर. तेव्हा पाठीवर सॅक आणि शेजारी आई, ही मुळातच एक विसंगती आहे. घर सोडायचे तर आहे, आणि तेच घर बरोबरीने चालतेही आहे, चहात साखर जास्त झाली म्हणते आहे, उन्हात टोपी घाल म्हणते आहे. या विसंगतीतच या प्रकारच्या लेखनाचे खरे सामर्थ्य असायला हवे.

ते सामर्थ्य कुठे दिसते? दोन उदाहरणे आपल्या अगदी शेजारची आहेत.

पहिले काका कालेलकरांचे. जन्म १८८५ चा, साताऱ्याचा, पण घर आपल्या बेळगावजवळच्या बेळगुंदीचे. वडील सरकारी खजिन्याच्या हिशेबाच्या नोकरीत. त्यांच्या नोकरीबरोबर हे कुटुंब गावोगाव फिरले आणि कारवारच्या समुद्राशी या मुलाची लहानपणीच गाठ पडली. 'स्मरणयात्रा' या बालपणीच्या आठवणींत ते सारे आले आहे. पुढे हिमालयाचा आणि देशभरच्या नद्यांचा हा मोठा प्रवासी झाला. गंमत अशी की हा आपला सीमेवरचा माणूस लिहिता झाला तो मुख्यतः गुजरातीत. गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले आणि बडोद्याच्या मंडळींना ते आपलेच वाटले. 'स्मरणयात्रा'त वडील मुलाला जग 'दाखवत' नाहीत. ते आपल्या कामाला चाललेले आहेत आणि मूल त्यांच्या बरोबर आहे, एवढेच. म्हणूनच त्या मुलाचे डोळे मोकळे राहिले. आईबापांचे लक्ष दुसरीकडे असताना मुलाला जे दिसते, त्यातून हा लेखक घडला असे मला वाटते.

दुसरे रवींद्रनाथांचे. १८८३ मध्ये ते कारवारला आले. थोरले बंधू सत्येंद्रनाथ तिथे जिल्हा न्यायाधीश होते. काळी नदीतल्या होडीच्या सफरीची आणि चांदण्यात वाळूवरून पायी परतण्याची त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी तिथेच लिहिले. कारवारच्या पुळणीला आज त्यांचे नाव आहे. पण मला सांगायचे आहे ते त्याच्या दहा वर्षे आधीचे. १८७३ मध्ये मुंज झाल्यावर अकरा वर्षांच्या रवीला वडील देवेंद्रनाथ आपल्याबरोबर बोलपूर, अमृतसर आणि पुढे डलहौसीच्या डोंगरात घेऊन गेले. 'जीवनस्मृति'त तो प्रवास आहे. वडिलांनी मुलाजवळ पैशांची पेटी सांभाळायला दिली, खर्चाचा हिशेब मागितला, आणि आपले सोन्याचे घड्याळ रोज किल्ली द्यायला त्याच्या हवाली केले. मुलाने इतक्या उत्साहाने किल्ली दिली की ते घड्याळ दुरुस्तीला कलकत्त्याला पाठवावे लागले. डोंगरात मात्र वडिलांनी त्याला एकट्याला काठी घेऊन हिंडू दिले. मायलेकरांच्या किंवा बापलेकांच्या प्रवासाबद्दल लिहिणाऱ्याने हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावे. त्यात 'वडील किती थोर' असे वाक्य लिहिण्याची गरजच पडलेली नाही. घड्याळ आणि पैशांची पेटी या दोन वस्तूंनी ते काम केले आहे.

दोन्ही उदाहरणांत मूल लहान आहे आणि सूत्रे पालकाच्या हाती आहेत. आजच्या लेखांत हे उलटे झाले आहे. मूल चाळिशीचे आहे, तिकिटे त्याच्या मोबाईलमध्ये आहेत, आणि पालक मागून येतो आहे. या उलट्या नात्याचे सर्वांत चांगले चित्रण मला एका परदेशी पुस्तकात सापडले. डॅनियल मेंडेलसन या अमेरिकन प्राध्यापकाचे 'ॲन ऑडिसी' (२०१७). त्यांचे वडील निवृत्त गणिती. एक्याऐंशीव्या वर्षी ते मुलाच्या वर्गात होमरचे 'ओडिसी' शिकायला येऊन बसले आणि वर्गभर वाद घालत राहिले. ओडिसियस कसला नायक, तो रडतो काय, देवांची मदत घेतो काय, हे त्यांचे पालुपद. नंतर बापलेक जहाजाने भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने ओडिसियसच्या मार्गावर गेले. गोझो बेटावर कॅलिप्सोची म्हणून दाखवतात ती गुहा आहे. बंद जागेची धास्ती असलेला मुलगा तिथे घाबरला, तेव्हा म्हाताऱ्या बापाने त्याचा हात धरून त्याला आत नेले आणि बाहेर आणले. आयुष्यभर कोरडा वाटलेला बाप मुलाला तिथे नव्याने कळला. आणि शेवटी ते इथाकाला पोचलेच नाहीत, कॉरिंथचा कालवा बंद होता. आपल्याकडच्या लेखकाने हे न पोचणे बहुधा एका ओळीत उरकले असते. मेंडेलसनांनी त्यावर विचार केला. गाव गाठले नाही म्हणून प्रवास वाया गेला का, हा प्रश्न ओडिसियसचा आहे तसाच प्रत्येक बापलेकाचाही आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किलोमीटर, असे आपण शाळेत शिकलो. अलीकडे अधिक बारीक नकाशांवरून ती पुन्हा मोजली गेली, तेव्हा आकडा ११,०९८ किलोमीटरांवर गेला. समुद्र वाढला नाही, जमीनही वाढली नाही. मोजपट्टी लहान झाली, त्यामुळे पूर्वी सरळ रेषेत गेलेल्या खाड्या, खाजणे, खडकांच्या खोबणी मोजण्यात आल्या. किनारा जितक्या लहान मापाने मोजावा तितका लांब भरतो, याची चर्चा बेनुआ मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याचे उदाहरण घेऊन केली होती. आईबरोबर किनाऱ्याने चालताना मला याचा प्रत्यय आला. तिचे पाऊल हे लहान माप आहे.

दोन वर्षांपूर्वी माघात मी एकाहत्तर वर्षांच्या आईबरोबर गोकर्ण ते कुमटा असा तीन दिवस हिंडलो. गोकर्णाची पुळण, मग जांभ्याच्या टेकडीवरून कुडले, पुढे ओम, मग कड्याच्या अंगाने जाणारी पायवाट, तदडी, आणि होडीने पलीकडे अघनाशिनी. तरुण मुले हे अंतर एका सकाळीत काटतात. आम्ही तदडीला पोचलो ते दुसऱ्या दिवशी. वाटेत आईने समुद्राकडे फारसे पाहिले नाही. ती समुद्राच्या इतक्या जवळच्या विहिरीचे पाणी गोडे कसे, ते पाहत होती. कुणाच्या अंगणात लाल मिरच्या वाळत होत्या, त्या ब्याडगी की आणखी कुठल्या, ते पाहत होती. साणीकट्ट्याच्या मिठागरातले मीठ हातात घेऊन तिने जिभेला लावले. अघनाशिनीच्या खाडीत ओहोटीच्या वेळी बाया कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून शिंपले वेचत होत्या. या खाडीला २०२४ च्या आरंभी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले, हे मी वाचलेले होते. आईने त्यातल्या एकीला विचारले, टोपली केवढ्याला जाते. रामसर आणि टोपली, या दोन्ही माहित्या त्या खाडीच्याच आहेत. प्रवासलेखात पहिली असते, दुसरी नसते.

याहून महत्त्वाची गोष्ट भाषेची. तुमच्या-माझ्या घरांत ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. आईने तो भाव कन्नडमध्ये विचारला. आपल्या बेळगावकडच्या कन्नडमध्ये, जे त्या बाईला थोडे नवल वाटले. उत्तर आले त्यातले निम्मे आईला कळले नाही. मग दोघी हळूच कोकणीच्या आणि मराठीच्या अधेमधे कुठेतरी येऊन थांबल्या आणि तिथे त्यांचे जमले. होडीवाल्याशी मी हिंदीत बोललो, त्याने हिंदीतच पैसे सांगितले आणि संभाषण संपले. आईशी मात्र तो पाणी कधी उतरते, त्याची सून कुठली, हे सगळे बोलला. तेरेखोलपासून खाली या किनाऱ्यावर दर पाचदहा कोसांनी बोली बदलते. मालवणी, गोव्याची कोकणी, कारवारी, मग कन्नड. माझ्या आईच्या पिढीला हे बदलणे पाण्यातून चालावे तसे जमते, कारण ती बाजारात, नळावर, शेजारणीच्या ओटीवर या भाषा शिकली. माझ्या पिढीला लिहिता येणारी मराठी आणि कामापुरते कन्नड येते. आमच्या मुलांना इंग्रजी येते. तेव्हा या वाटेवर वाटाड्या कोण होते आणि पाहुणा कोण, हे उघड आहे.

या कसोटीवर आजचे लेख लावून पाहिले म्हणजे त्यांचे उणे कळते. पहिले उणे असे, की त्यांतली आई बोलत नाही. बोलली तर पाठ्यपुस्तकी मराठीत बोलते. ज्या सीमाभागातल्या घरांत एका वाक्यात दोन भाषा नांदतात, त्या घरातली आई छापखान्यात गेली की शुद्ध होते. होडीवालाही शुद्ध मराठी बोलतो. अशाने किनारा सपाट होतो. दुसरे उणे एका ठरलेल्या वाक्याचे आहे. समुद्र पाहून "आई अगदी लहान मूल झाली" हे वाक्य मला इतक्या लेखांत भेटले आहे की आता ते आले की मी पान उलटतो. लाटांत पाय भिजवणारी सत्तरीची बाई लहान मूल होत नाही. ती सत्तर वर्षांची बाईच असते, आणि तिच्या त्या हसण्यात सत्तर वर्षे असतात. तिला लहान मूल म्हटले की मुलाला तिचे पालक होता येते आणि तिने काय पाहिले हे विचारायची जबाबदारी टळते. श्रावणाच्या कावडीतले ते आंधळे आईबाप इथे नव्या रूपात परत आले आहेत. फरक एवढाच, की कावडीच्या जागी आरक्षण केलेली खोली आहे आणि शेवटी छायाचित्र आहे.

तिसरे उणे वेळेचे. किनाऱ्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक असते आणि ते रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आजच्या लेखातल्या प्रवासाला फक्त सुट्टीचे वेळापत्रक असते. गुडघे दुखले म्हणून थांबावे लागले, हे लेखक अडचण म्हणून सांगतो. थांबल्यामुळे काय दिसले, हे सांगत नाही. कारवारच्या दक्षिणेला तर समुद्राच्या कडेने सलग जाताच येत नाही. तिथे नौदलाचा 'कदंब' तळ आहे, २००५ मध्ये कार्यान्वित झालेला, आणि त्यासाठी किनाऱ्यावरची गावे उठली. तिथे वळसा घ्यावा लागतो. हा वळसाही लिहिण्याजोगा आहे. आईवडिलांच्या वयाची माणसे त्या उठलेल्या गावांची नावे सांगू शकतात. ती कुणी विचारतो का?

शेजारच्या भाषेत याचा वस्तुपाठ आहे. शिवराम कारंत यांची 'मरळि मण्णिगे' ही कन्नड कादंबरी किनाऱ्यावरच्या एका घराच्या तीन पिढ्यांची आहे. तिच्यात समुद्र देखावा म्हणून येत नाही. तो बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यासारखा येतो, कधी देणारा, कधी घेणारा. घरातल्या बायका त्याच्या साक्षीने राबतात आणि म्हाताऱ्या होतात. गोकर्णाच्या गौरीश कायकिणींचे घर कोकणी बोलणारे आणि लिहिणारे कन्नड. त्यांचे चिरंजीव जयंत कायकिणी यांनी कन्नडमध्ये मुंबईच्या कथा लिहिल्या. ज्या किनाऱ्यावर बाप आणि मुलगा अशा दोन भाषांच्या मधोमध उभे राहून लिहू शकले, त्या किनाऱ्यावरून चालणाऱ्या मराठी लेखकाने एकाच भाषेच्या छत्रीखाली चालावे, हे मला खटकते. आपण द्वैभाषिक मुलखातले लोक. भाषेवरून आपल्यावर जे यायचे ते येऊन गेले आहे आणि अजून येते. पण त्याच मुलखाने आपल्या आईवडिलांना दिलेली ही दुसऱ्या, तिसऱ्या भाषेची देणगी आपण लिहून ठेवली नाही, तर ती त्यांच्याबरोबरच जाईल. ती कुठल्या शब्दकोशात मिळणार नाही. एकाच बाईने खाडीच्या अलीकडे 'ओहोटी' आणि पलीकडे 'इळित' म्हणावे, ही एका पिढीची हयात आहे.

म्हणून अशा लेखनाकडून माझ्या मागण्या साध्या आहेत. आईवडिलांना घेऊन जरूर जावे, पाठीवर सॅक लावूनच जावे. परत आल्यावर लिहिताना मात्र आपण काय दाखवले याच्याआधी त्यांनी काय पाहिले ते लिहावे. त्यांचे बोलणे जसे होते तसे ठेवावे, त्यातला कन्नड शब्द काढू नये, त्याला अवतरणचिन्हांच्या कोंडवाड्यातही घालू नये. कुठे थांबावे लागले ते लिहावे आणि तिथे किती वेळ गेला तेही. ते चिडले असतील, कंटाळले असतील, घरी चला म्हणाले असतील, तर तेही यावे. देवेंद्रनाथांचे घड्याळ बिघडले, मेंडेलसनांना इथाका दिसले नाही, आणि गोडशांची कमाई लुटली गेली. या तिन्ही लेखकांनी ते लपवले नाही, म्हणून आपण त्यांना अजून वाचतो. असा एक लेख जरी आपल्या मुलखातून एखाद्या दिवाळी अंकात आला, तरी मराठी प्रवासवर्णनात आईवडिलांना उंबरा ओलांडता आला असे म्हणता येईल.